जेवणातील प्रमुख पदार्थाचे इंग्रजी शब्द : अर्थ आणि अध्यापन

प्रास्ताविक

इसवी सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. प्राथमिक इयत्तांच्या इंग्रजी पाठांत अन्न, भाज्या, फळे आणि भोजन यांविषयीचे शब्द वारंवार येतात. हा विषय मुलांच्या नित्य अनुभवातील असल्यामुळे तो शिकविण्यास सुलभ आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तो दिसतो तितका सुलभ नाही. 'मँगो' म्हणजे आंबा, हे समीकरण एका वाक्यात सांगून भागते; कारण आंबा ही वस्तू दोन्ही भाषांत एकच आहे. परंतु 'मेन डिश' म्हणजे 'मुख्य पदार्थ' असे सांगून तसे भागत नाही. जेवणात मुख्य कोणते आणि गौण कोणते, याविषयी दोन्ही समाजांची कल्पनाच भिन्न आहे. आणि कल्पना भिन्न असली म्हणजे शब्दाचे नुसते भाषांतर विद्यार्थ्यास फसविते.

एखाद्या परीक्षेत 'तुमच्या जेवणातील मेन डिश कोणती?' असा प्रश्न इंग्रजीत विचारला, आणि ज्वारी पिकविणाऱ्या गावातील मुलाने 'भाकरी' असे उत्तर लिहिले, तर ते बरोबर की चूक? इंग्रजी कोशाच्या आधाराने पाहिले तर परीक्षकाच्या मनात संशय उत्पन्न होईल. मुलाच्या घरच्या ताटाकडे पाहिले तर उत्तर निःसंशय बरोबर ठरेल. हा निवाडा शिक्षकास योग्य रीतीने करता यावा, या हेतूने भोजनविषयक प्रमुख इंग्रजी शब्दांचे अर्थ, त्यांचा इतिहास आणि त्यांच्या अध्यापनाची रीत यांचा विचार पुढे केला आहे.

(१) 'मील', 'कोर्स' आणि 'डिश'

हे तीन शब्द प्रथम नीट वेगळे केले पाहिजेत. 'मील' म्हणजे एका वेळचे संपूर्ण जेवण. 'कोर्स' म्हणजे त्या जेवणातील एक वाढप किंवा एक टप्पा. 'डिश' म्हणजे त्या टप्प्यात येणारा एखादा शिजविलेला पदार्थ. एका 'मील'मध्ये अनेक 'कोर्स' असू शकतात व एका 'कोर्स'मध्ये अनेक 'डिश' असू शकतात.

'मील' हा शब्द जुन्या इंग्रजीतील असून त्याचा मूळ अर्थ 'माप' अथवा 'नेमलेली वेळ' असा होता. नेमलेल्या वेळी घ्यावयाचे ते अन्न, म्हणून 'मील'. इंग्रजीत पीठ या अर्थीही 'मील' असा शब्द आहे. त्याचे लेखन व उच्चार तोच असला तरी तो मुळात निराळा शब्द असून त्याचा संबंध दळण्याच्या क्रियेशी आहे. मक्याच्या पिठास इंग्रजीत 'कॉर्नमील' म्हणतात ते या दुसऱ्या अर्थाने.

'कोर्स' हा शब्द लॅटिनमधील 'धावणे' या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. घोड्यांच्या शर्यतीचे मैदान तो 'रेसकोर्स', शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा क्रम तो 'कोर्स', आणि जेवणात एकामागून एक येणारे वाढप तेही 'कोर्स'. या तिन्ही अर्थांत पुढे सरकत जाण्याची कल्पना समान आहे. प्रशिक्षणाचा 'कोर्स' प्रत्येक शिक्षकास परिचित असल्यामुळे या शब्दाचा अर्थ त्याच वाटेने उलगडून दाखविणे सोपे जाते.

'डिश' हा शब्द लॅटिनमधील 'डिस्कस' म्हणजे थाळीफेकीची चकती या शब्दापासून निघाला आहे. त्यामुळे 'डिश' म्हणजे बशी किंवा परात, आणि 'डिश' म्हणजे तीत वाढलेला पदार्थ, असे दोन्ही अर्थ रूढ झाले. मराठीतही असेच घडते. 'दोन ताटे वाढा' असे म्हटले असता कोणी रिकामी ताटे वाढत नाही. भांड्याच्या नावाने आतील अन्न ओळखण्याची ही रीत दोन्ही भाषांत आहे, हे मुलांच्या निदर्शनास आणावे.

(२) 'मेन' कशावरून ठरते?

पाश्चात्त्य पद्धतीच्या जेवणात आज सामान्यतः तीन टप्पे मानले जातात. प्रथम हलका पदार्थ, त्यास 'स्टार्टर' म्हणतात. नंतर पोटभरीचा पदार्थ. तो 'मेन कोर्स'. शेवटी गोड पदार्थ, तो 'डिझर्ट'. मेन कोर्समध्ये बहुधा मांस, मासे, अंडी अथवा भाजीपाल्याचा एखादा भारी पदार्थ मध्यभागी असतो, त्यास 'मेन डिश' म्हणतात; आणि बटाटे, भाज्या, पाव, क्वचित भात हे त्याच्या बाजूस येतात, म्हणून त्यांना 'साइड डिश'.

मराठी घरातील जेवणाची रचना याहून निराळी आहे. ताट एकदाच वाढले जाते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूस. भाजी, आमटी उजव्या बाजूस. मध्ये भात, पोळी अथवा भाकरी. क्रम आहे, परंतु तो ताटाच्या आतच आहे : सणाच्या पंगतीत आरंभी वरणभात आणि शेवटी ताकभात. ज्याने पोट भरते ती भाकरी वा भात मुख्य. आणि भाजी, पिठले, झुणका, ठेचा, कालवण हे सर्व 'तोंडी लावणे'. ग्रामीण भागात प्रचलित असलेला 'कोरड्यास' हा शब्दही हेच सांगतो. कोरडी भाकरी घशाखाली उतरावी म्हणून जे पातळ घ्यावयाचे, ते कोरड्यास.

म्हणजेच मराठी ताटात जे मुख्य, ते इंग्रजी मांडणीत बाजूचे ठरते. आणि मराठीत जे तोंडी लावणे, ते इंग्रजीत 'मेन डिश' या स्थानी जाऊन बसते. हाच या विषयाचा गाभा होय. ही उलटापालट शिक्षकाने ओळखली नाही, तर भाकरीस 'साइड डिश' म्हणावे की 'मेन डिश', हा गोंधळ वर्गात कायम राहील.

येथे इंग्रजीतील आणखी एक संज्ञा उपयोगी पडते, ती 'स्टेपल फूड'. ज्या अन्नावर एखाद्या प्रदेशातील लोकांचा उदरनिर्वाह चालतो, ते 'स्टेपल'. मराठवाडा व सोलापूर या भागांत ज्वारी आणि कोकणात तांदूळ हे परंपरेने 'स्टेपल' होत. तेव्हा भाकरीविषयी इंग्रजीत बोलताना 'भाकरी इज अवर स्टेपल फूड' हे वाक्य निर्दोष आहे. आणि 'वी ईट भाकरी विथ पिठलं' हे वाक्य तर कोणत्याही वर्गवारीच्या भानगडीत न पडता ताटाचे यथार्थ वर्णन करते.

धान्यास मुख्य मानण्याची ही रीत केवळ महाराष्ट्राची नाही. जपानी भाषेत शिजलेल्या भातास आणि एकूण जेवणासही 'गोहान' हा एकच शब्द आहे. मराठीतही 'पोटाची भाकरी' म्हणजे उपजीविका. खुद्द इंग्रजीत कुटुंबाच्या पोशिंद्यास 'ब्रेडविनर' म्हणतात. 'कंपॅनियन' म्हणजे सोबती, हा शब्दही लॅटिनमधील 'बरोबर' आणि 'पाव' या अर्थांच्या दोन शब्दांवरून बनला आहे. 'लॉर्ड' या शब्दाचे जुने रूप पाहिले असता त्याचा अर्थ 'पावाचा राखणदार' असा निघतो, आणि 'लेडी' म्हणजे 'पीठ मळणारी'. एके काळी इंग्रजांच्या घरातही धान्याचे स्थान किती वरचे होते, याची साक्ष त्यांचेच शब्द देतात.

(३) 'ऑन्ट्रे' या शब्दाचा प्रवास

वरच्या इयत्तांच्या शिक्षकांस गोष्टींच्या पुस्तकांत अथवा उपाहारगृहांच्या पत्रकांवर 'ऑन्ट्रे' हा शब्द आढळतो. त्याचे लेखन 'एन्ट्री' या परिचित शब्दासारखे दिसत असल्याने तो तसाच वाचला जातो. तो फ्रेंच शब्द असून त्याचा उच्चार 'ऑन्ट्रे' असा करावा. अर्थाने मात्र तो 'एन्ट्री'चाच भाऊबंद आहे. त्याचा मूळ अर्थ 'प्रवेश'.

फ्रान्समध्ये १६ व्या शतकापासून हा शब्द भोजनाच्या संदर्भात आढळतो. त्या काळी मेजवानीतील पदार्थ गटागटाने मेजावर एकदम मांडले जात. या पद्धतीस पुढे 'फ्रेंच वाढप' असे नाव पडले. आरंभीच्या गटात येणारे जे पदार्थ, ते जेवणात प्रवेश करविणारे म्हणून 'ऑन्ट्रे'. हे पदार्थ हलके असत असे मात्र नाही. त्यांत रश्श्यातील मांसाचे भारी पदार्थही असत. १९ व्या शतकात एकेक पदार्थ क्रमाने आणून वाढण्याची 'रशियन वाढप' ही पद्धती युरोपात रूढ होत गेली. लांबलचक मेजवानीत प्रथम सूप, मग मासे, मग ऑन्ट्रे, आणि त्यानंतर भाजलेल्या मांसाचा मोठा पदार्थ, असा क्रम पडला. १४ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक जहाजावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना जे रात्रीचे भोजन दिले गेले, त्याच्या पत्रकात सूप, त्यानंतर सामन मासा, त्यानंतर कोंबडी इत्यादींचे पदार्थ, आणि मग कोकराचे मांस व भाजलेले बदक, असाच क्रम दिसतो. यातील मासे आणि भाजलेले मांस यांच्या मधली जागा ती 'ऑन्ट्रे'ची.

पुढे जेवणे आटोपशीर झाली. दहा टप्प्यांची तीन झाली. तेव्हा या शब्दाचे निरनिराळ्या देशांत निरनिराळे झाले. फ्रान्समध्ये तो आरंभीच्या हलक्या पदार्थाचे नाव म्हणून राहिला. ऑस्ट्रेलियातही 'ऑन्ट्रे' म्हणजे आरंभीचा पदार्थच. अमेरिकेत मात्र तोच शब्द मुख्य पदार्थास लागला. परिणामी एकाच लेखनाच्या एकाच शब्दाचा अर्थ सिडनीच्या उपाहारगृहात 'आरंभीचा पदार्थ' आणि न्यूयॉर्कच्या उपाहारगृहात 'मुख्य पदार्थ' असा होतो. ब्रिटनमध्ये आज सामान्य व्यवहारात 'स्टार्टर' व 'मेन कोर्स' हेच शब्द चालतात.

यावरून शिक्षकाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, प्राथमिक वर्गात 'ऑन्ट्रे' शिकविण्याची आवश्यकता नाही. 'मेन डिश' अथवा 'मेन कोर्स' हे शब्द सर्व इंग्रजी भाषक देशांत समजतात. दुसरी, शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीवरून नव्हे, तर तो कोठे व कोणी वापरला यावरून ठरतो. ज्या शब्दाचा अर्थ 'प्रवेश', तो मुख्य पदार्थाचे नाव होऊन बसतो, हे याचे उत्तम उदाहरण होय.

(४) 'डिनर' कोणत्या वेळचे?

'ब्रेकफास्ट' म्हणजे न्याहारी, 'लंच' म्हणजे दुपारचे जेवण आणि 'डिनर' म्हणजे रात्रीचे जेवण, असा तक्ता बहुतेक शाळांच्या भिंतींवर आढळतो. शहरी व्यवहारापुरता तो ठीक आहे. परंतु इंग्लंडच्या अनेक भागांत, विशेषतः उत्तरेकडे, 'डिनर' हा शब्द दुपारच्या जेवणास लावला जातो व सायंकाळच्या जेवणास 'टी' म्हणतात. तेथील शाळांत दुपारी मुलांना जे जेवण मिळते, त्यास 'स्कूल डिनर' असेच नाव आहे. म्हणून शेतकरी मध्यान्ही 'डिनर' घेत आहे असे वाक्य एखाद्या जुन्या गोष्टीत आले, तर ती छपाईची चूक समजू नये. 'डिनर' म्हणजे दिवसातील प्रमुख जेवण. ते कोणत्या प्रहरी घ्यावयाचे हे त्या त्या समाजाच्या दिनक्रमावर अवलंबून असते.

या शब्दाचे मूळही मनोरंजक आहे. 'डिनर' हा फ्रेंचमार्गे आलेला शब्द लॅटिनमधील 'उपास सोडणे' या अर्थाच्या क्रियापदापासून निघाला आहे. 'ब्रेकफास्ट' या इंग्रजी शब्दाचा अर्थही उपास मोडणे हाच. म्हणजे न्याहारी आणि मुख्य जेवण या दोहोंची नावे एकाच कल्पनेतून निघाली आहेत. 'सपर' म्हणजे रात्रीचे हलके जेवण. त्याचे नाते 'सूप' या शब्दाशी आहे.

व्याकरणदृष्ट्या येथे एक नियम ध्यानात ठेवावा. जेवणाच्या नावापूर्वी सामान्यतः उपपद येत नाही : 'आय हॅव लंच अॅट वन' असे म्हणावे. परंतु 'मील' या शब्दास उपपद लागते : 'वी हॅड अ मील टुगेदर'. तसेच नावामागे विशेषण आले म्हणजे उपपद येते : 'वी हॅड अ गुड लंच'. मराठीत उपपद नसल्यामुळे येथे चुका फार होतात. त्या नियम पाठ करवून जात नाहीत, वाक्ये पुनःपुन्हा म्हणवून घेतल्याने जातात.

(५) अर्थ बदललेले काही शब्द

'मीट' या शब्दाचा आजचा अर्थ मांस. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कोणतेही अन्न असा होता. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात धान्याच्या पिठाच्या अर्पणास 'मीट ऑफरिंग' म्हटले आहे. 'स्वीटमीट' म्हणजे मिठाई, या शब्दात तो जुना अर्थ अद्याप टिकून आहे; त्यात मांसाचा संबंध नाही.

इंग्रजीत पुष्कळदा प्राणी जिवंत असता त्याचे नाव एक, आणि तो ताटात आला म्हणजे दुसरे. शेतातील 'शीप' ताटात 'मटन' होते. 'पिग' हे 'पोर्क' होते. इसवी सन १०६६ मध्ये फ्रेंच भाषा बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. राज्यकर्त्यांच्या मेजावर फ्रेंच शब्द आले आणि गुरे राखणाऱ्या प्रजेच्या तोंडी इंग्रजी शब्द राहिले. वॉल्टर स्कॉट यांच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीत या भेदाची चर्चा एका विदूषकाच्या तोंडी घातली आहे. महाराष्ट्रात 'मटण' म्हणजे बहुधा बोकडाचे मांस. इंग्लंडमध्ये 'मटन' म्हणजे मेंढीचे. शब्द तोच, पदार्थ निराळा.

मराठीची समृद्धी ज्यात प्रकट होते असेही शब्द आहेत. शेतातील भात, सडलेले तांदूळ आणि शिजलेला भात या तिन्ही अवस्थांना इंग्रजीत 'राइस' हा एकच शब्द पुरा पडतो. फार तर शेतातील पिकास व न सडलेल्या साळीस 'पॅडी' म्हणतात, आणि तोही शब्द मलाय भाषेतून घेतलेला. उलट पाव, पोळी व भाकरी या सर्वांस इंग्रजीत 'ब्रेड' हा एक शब्द लागू करता येतो. आणि 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला, हे गोमंतकाच्या निकट असलेल्या शाळांतील मुलांस आवर्जून सांगण्याजोगे आहे.

(६) देशी पदार्थांची नावे इंग्रजीत कशी द्यावीत?

याविषयी शिक्षकांत नेहमी शंका असते. पिठले, थालीपीठ, आमटी यांना इंग्रजी प्रतिशब्द कोणता? याचे उत्तर असे की, विशिष्ट पदार्थाचे नाव तेच ठेवावे आणि त्याचे वर्णन इंग्रजीत करावे. 'भाकरी इज अ फ्लॅट ब्रेड मेड फ्रॉम ज्वारी फ्लोअर' हे वाक्य शुद्ध आहे. इंग्रज लोकही 'पिझ्झा' व 'सूप' यांची परकी नावे तशीच वापरतात.

इंग्रजी भाषेने भारतीय पदार्थांची नावे पूर्वीपासून स्वीकारली आहेत. हॅना ग्लास या लेखिकेच्या १७४७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकात 'करी' करण्याची कृती आहे. १८१० मध्ये शेख दीन महंमद या भारतीय गृहस्थांनी लंडन येथे भारतीय पदार्थांचे उपाहारगृह काढले. यूल आणि बर्नेल यांनी भारतातील इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेल्या शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात खाद्यपदार्थांचे पुष्कळ शब्द आहेत. 'चटणी'चे 'चटनी' झाले, आणि तिकडे त्या नावाने फळांचा आंबटगोड मुरविलेला पदार्थ ओळखला जाऊ लागला. खिचडीचे 'केजरी' झाले; डाळ गेली, आणि भातात धुरावलेला मासा व उकडलेली अंडी घालून इंग्रज ती न्याहारीस खाऊ लागले. शाळेच्या ताटात रोज दिसणाऱ्या पदार्थाने इतका प्रवास केला आहे, हे कळल्यावर कोणत्या मुलास कौतुक वाटणार नाही?

धान्यांची नावे मात्र शिकवावीत. ज्वारी म्हणजे 'सोर्गम', बाजरी म्हणजे 'पर्ल मिलेट', नाचणी म्हणजे 'फिंगर मिलेट'. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, हेही त्या प्रसंगी सांगावे.

(७) वर्गातील पाठाचे टप्पे

शालेय पोषण आहार हे या पाठाचे उत्कृष्ट साधन आहे. शाळेतील मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली व २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषणशक्ती निर्माण या नावाने चालविली जाते. ज्या ताटातून सर्व मुले एकत्र जेवतात, त्याच ताटावर पाठ घेतला असता उदाहरण सर्वांस समान राहते.

पहिला टप्पा, दर्शन. ताट, वाटी, पळी आणि त्या दिवशीचा पदार्थ दाखवून 'प्लेट', 'बोल', 'लॅडल', 'डिश' हे शब्द उच्चारावेत व मुलांकडून म्हणवून घ्यावेत.

दुसरा टप्पा, वाक्यरचना. फळ्यावर 'वी ईट … विथ …' असा तक्ता लिहून रिकाम्या जागी मुलांनी सांगितलेले शब्द भरावेत. भाकरी व पिठले, भात व आमटी, पोळी व भाजी अशा जोड्या मुले आपण होऊन देतात. प्रत्येक जोडीचे वाक्य प्रथम समूहाने व नंतर एकेकट्याने म्हणावे.

तिसरा टप्पा, प्रश्नोत्तरे. 'व्हॉट इज द मेन डिश टुडे?' आणि 'व्हॉट डू वी ईट विथ इट?' हे दोन प्रश्न पुरेत. ज्या दिवशी खिचडी असेल त्या दिवशी मुख्य पदार्थाविषयी वाद उरत नाही. म्हणून पहिला पाठ त्याच दिवशी घ्यावा.

चौथा टप्पा सहावी-सातवीसाठी आहे. मुलांचे गट करून प्रत्येक गटास काल्पनिक उपाहारगृहाचे पत्रक, म्हणजे 'मेन्यू', तयार करावयास सांगावे. त्यात 'स्टार्टर', 'मेन कोर्स' व 'डिझर्ट' असे तीन रकाने असावेत. नंतर तेच पदार्थ मराठी ताटाच्या चित्रात मांडावयास सांगावे. दोन मांडण्या शेजारी ठेवल्या म्हणजे वर सांगितलेला भेद मुलांच्या स्वतःच्या ध्यानात येतो. शिक्षकास व्याख्यान द्यावे लागत नाही.

उच्चारांकडेही लक्ष असावे. भोजनान्तीचे गोड ते 'डिझर्ट', त्यात आघात दुसऱ्या अवयवावर व लेखनात दोन 'एस'. वाळवंट ते 'डेझर्ट', त्यात आघात पहिल्यावर व 'एस' एक. 'रेसिपी' या शब्दाचे तीन अवयव उच्चारावेत. 'व्हेजिटेबल' या शब्दाच्या अखेरीस 'टेबल' उच्चारू नये. 'कुक' म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती, 'कुकर' म्हणजे शिजविण्याचे साधन. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना मुलांनी 'कुकर' म्हणू नये! आणि 'सूप' म्हटल्याबरोबर ग्रामीण मुलांच्या डोळ्यांपुढे धान्य पाखडण्याचे सूप येते, हे स्वाभाविकच आहे. त्यांना हसू नये, दोन्ही अर्थ फळ्यावर चित्र काढून दाखवावेत.

(८) एक महत्त्वाची सावधगिरी

हजेरी घ्यावी त्याप्रमाणे प्रत्येक मुलास उभे करून 'काल रात्री तू काय जेवलास?' असे विचारण्याची प्रथा काही वर्गांत आढळते. इंग्रजीतील भूतकाळाच्या सरावासाठी हा प्रश्न सोयीचा वाटतो. परंतु तो विचारू नये. प्रत्येक गावात अशी घरे असतात, की जेथे रात्री भाकरीबरोबर केवळ मीठ-मिरची असते. क्वचित तेही नसते. मजुरीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले पुष्कळदा अर्धपोटी शाळेत येतात. शिवाय कोणत्या घरी काय शिजते, यावरून माणसांची जात व ऐपत जोखण्याची वाईट सवय समाजातून अद्याप गेलेली नाही. असा प्रश्न भरवर्गात विचारला गेला, की मूल एक तर गप्प बसते, नाही तर खोटे उत्तर देते; आणि इंग्रजीचा तास म्हटला की त्याच्या मनात भीती उत्पन्न होते. भूतकाळाचा सराव शाळेतील कालच्या आहारावर किंवा चित्रातील कुटुंबावर तितकाच चांगला होतो.

तद्वतच बर्गर, पास्ता, केक हे 'इंग्रजी' म्हणून प्रतिष्ठित आणि भाकरी-ठेचा हे गावंढळ, असा भाव पाठातून कळत-नकळतही सूचित होऊ देऊ नये. नव्या पदार्थांची माहिती अवश्य द्यावी. मात्र ती देताना कोणत्याही ताटाची तुलना लहानमोठेपणाच्या दृष्टीने करू नये.

(९) मूल्यमापन

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. 'मेन डिश' विचारली असता मुलाने 'भाकरी' लिहिले, तर त्यास पूर्ण गुण द्यावेत. त्याने शब्दाचा अर्थ समजून घेऊन स्वतःच्या ताटास तो लावला आहे, आणि भाषाशिक्षणाचा हेतू तोच आहे. दुसऱ्याने 'पिठलं' लिहिले, तर तेही ग्राह्य मानावे. त्याने इंग्रजी मांडणी ध्यानात घेतली आहे. अशुद्ध लेखनाची दुरुस्ती निराळी करावी; उत्तरावर फुली मारू नये. आणि प्रश्नपत्रिका काढताना अशी संदिग्धता टाळणेच अधिक इष्ट. 'व्हॉट डू यू ईट विथ भाकरी?' असा प्रश्न काढला, तर शब्दज्ञान, वाक्यरचना आणि अनुभव या तिन्हींची परीक्षा एकदम होते.

समारोप

भोजनविषयक शब्द शिकविताना शिक्षकाने तीन गोष्टी सांभाळाव्यात. 'मील', 'कोर्स' व 'डिश' यांतील भेद प्रथम स्पष्ट करावा. 'मेन' आणि 'साइड' ही इंग्रजी ताटाची मांडणी आहे, मराठी ताटाची मांडणी निराळी आहे, हे दोन्ही ताटे शेजारी ठेवून दाखवावे. आणि उदाहरणे शाळेच्या सामायिक ताटातून घ्यावीत, कोणाच्या घरच्या चुलीतून नव्हे. केंद्रातील शिक्षकांनी वर सुचविलेला पाठ आपापल्या शाळेत घेऊन पाहावा, आपल्या भागातील पदार्थांच्या जोड्यांचा तक्ता तयार करावा, आणि पुढील केंद्र संमेलनात तो चर्चेसाठी बरोबर आणावा.